रियेकात माझं नाव नोंदवताना

३० ऑगस्ट २०२४ ला रियेकातल्या पोलिस कार्यालयाच्या खिडकीतून मला क्रोएशियाचं निवास कार्ड मिळालं. पहिला कागद काढायला बाहेर पडले त्या दिवसापासून मोजले तर नऊ महिने झाले होते. त्या नऊ महिन्यांत, मराठीत कुणी याबद्दल लिहिलंय का म्हणून मी कित्येक रात्री शोधलं. नवऱ्यामागून क्रोएशियाला निघालेल्या बाईच्या कामाचं काहीच सापडलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी वकिलातीकडून आणि तिथल्या गृहमंत्रालयाकडून ताजी यादी घ्याच. मी माझ्यापुरतं, जसं घडलं तसं सांगते.

मी रत्नागिरीच्या एका दैनिकात अकरा वर्षं मुद्रितशोधक होते. बातमीत बाकी काही चुकलं तर लोक एक वेळ सोडून देतात, पण नाव चुकलं की सकाळी आठला फोन येतो. या सगळ्या प्रकरणात माझी खरी लढाई नावाचीच होणार आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

नवरा ऑक्टोबर २०२३ मध्ये रियेकाला गेला, जहाजांचे आराखडे काढणाऱ्या एका कार्यालयात. माझा अर्ज कुटुंब-एकत्रीकरणाखाली करायचा होता. त्यासाठी पासपोर्ट, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, पोलिस पडताळणीचा दाखला, आरोग्य विमा, नवऱ्याच्या पगाराचे कागद आणि तिथल्या घराचा भाडेकरार लागतो. यादी लहान दिसते. पण भारतातल्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकार देतं तो शिक्का, हवं, आणि प्रत्येक कागदाचं क्रोएशियन भाषेत न्यायालयाच्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर हवं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कागद टेबलावर मांडले आणि लक्षात आलं की माझी तीन नावं आहेत. पदवीवर आणि विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव, आणि नावाच्या रकान्यात ‘मेधा’पुढे नवऱ्याचं नाव. आधार कार्डावर मधलं नाव नुसत्या आद्याक्षराचं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. क्रोएशियाच्या अर्जात आडनावाचा रकाना आहे, नावाचा आहे, जन्माच्या आडनावाचा आहे, आई-वडिलांच्या नावांचे आहेत. मधल्या नावाचा नाही. त्यामुळे पासपोर्टप्रमाणे लिहिलं की माझं स्वतःचं नाव दोन शब्दांचं होतं आणि त्यातला एक शब्द पुरुषाचा असतो.

वकिलांच्या सल्ल्याने मी प्रतिज्ञापत्र केलं, की या तिन्ही नावांची व्यक्ती एकच. त्यात एक वाक्य मी हट्टाने घालायला लावलं: महाराष्ट्रात लग्न झालेल्या बाईच्या नावानंतर पतीचं नाव लिहिण्याची पद्धत आहे, ते तिचं दुसरं नाव नव्हे. पुढे त्या एका वाक्याने जेवढं काम केलं तेवढं बाकीच्या गठ्ठ्याने केलं नाही. तुमचंही नाव असंच असेल तर हे वाक्य विसरू नका.

मग शिक्के. आधी मंत्रालय, नंतर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, पण रत्नागिरीहून मुंबईला खेपा घालणं जमेना म्हणून एजंट धरला आणि तीन कागदांचे मिळून साडेसात हजार मोजले. पोलिस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतो, त्याचे ५०० रुपये. हा दाखला जुना चालत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी काढा. मी उत्साहात आधी काढला आणि जानेवारीत पुन्हा काढावा लागला.

मूळ कागद कुरियरने नवऱ्याकडे गेले, कारण मान्यताप्राप्त अनुवादक, ज्याला तिथे ‘सुदस्की तुमाच’ म्हणतात, रियेकातच सोपा मिळाला. तिथे भाषांतराचे पैसे ‘कार्तित्सा’वर ठरतात. एक कार्तित्सा म्हणजे मोकळ्या जागांसकट १५०० अक्षरं. छापखान्यात फॉर्म मोजण्याची सवय असल्याने मला हे माप लगेच आवडलं. आम्हाला एका कार्तित्साचे १७ युरो पडले, एकूण अकरा कार्तित्सा झाल्या. भाषांतर आणि मूळ कागद दोऱ्याने एकत्र बांधून त्यावर शिक्का मारतात. झेरॉक्ससाठीसुद्धा तो दोरा सोडू नका.

८ फेब्रुवारी २०२४ ला दिल्लीत वकिलातीत अर्ज दिला. थंडी होती, माझे हात गारठले होते आणि सही नेहमीसारखी येईना. मुलाखत म्हणावं असं काही झालं नाही. लग्न कधी झालं, नवरा काय करतो, राहणार कुठे, एवढंच. राहणार कुठे या प्रश्नावर मात्र माझा घसा कोरडा पडला होता, त्याचं कारण सांगते.

नवऱ्याने जानेवारीत पहिलं घर घेतलं तेव्हा घरमालकाने अनामत घेतली, किल्ली दिली, आणि पत्ता नोंदवायची गोष्ट काढल्यावर हात वर केले. त्याला करार कुठेच दाखवायचा नव्हता. पत्त्याच्या नोंदणीशिवाय परदेशी माणसाचं पानही हलत नाही. एक महिन्याचं भाडं सोडून दुसरं घर शोधावं लागलं आणि नवा करार ‘यावनी बिल्येझ्निक’, म्हणजे तिथल्या नोटरीकडे, सहीनिशी करून अर्जाच्या केवळ चार दिवस आधी हातात आला. तेव्हा रियेकात काय, झाग्रेबमध्ये काय, स्प्लितमध्ये काय, घर बघताना खिडकीतून समुद्र दिसतो का हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘बोराविश्ते’ नोंदवू द्याल का? बोराविश्ते म्हणजे तात्पुरता राहण्याचा पत्ता. उत्तर टाळलं गेलं तर अनामत देऊ नका.

मग वाट पाहणं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. या चार महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे आणि सोसण्यासारखं फार होतं. नोकरी सोडायची की नाही, हे रोज संध्याकाळी ठरायचं आणि रोज सकाळी मोडायचं. सोडली नाही हे बरं केलं. आंब्याचा मोसम आला आणि गेला. ११ जूनला मंजुरीचा मेल आला तेव्हा मी पहिल्या पानाचं प्रूफ वाचत होते. ते पूर्ण वाचून खाली सही केली आणि मग रडले. त्यानंतर दीर्घ मुदतीचा ‘डी’ व्हिसा, त्याचे ९३ युरो. तो जुलैच्या मध्यावर पासपोर्टवर चिकटून आला.

१ ऑगस्टला, गुरुवारी, फ्रँकफर्टमार्गे झाग्रेबला उतरले. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने पासपोर्टवरचा शिक्का फ्रँकफर्टलाच बसला, झाग्रेबला कुणी काही विचारलं नाही. मला तेव्हा भलतीच धास्ती वाटली, की प्रवेशाचा पुरावा राहिला तर? तो फ्रँकफर्टचा शिक्का पुढे चालला. तिथून बसने अडीच तास, डोंगर ओलांडून रस्ता खाली वळतो आणि अचानक क्वार्नेरचं आखात समोर येतं. घाट उतरताना समुद्र दिसला की कोकणातला माणूस जसा सावरून बसतो, तशी मी बसले.

दुसऱ्याच दिवशी पोलिस कार्यालय गाठलं, आणि हे नवऱ्यामुळे झालं, कारण कॅलेंडर त्याने पाहिलं होतं. ५ ऑगस्ट हा तिथला राष्ट्रीय सुट्टीचा दिवस, तो सोमवारी आला होता. १५ ऑगस्टला मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. ऑगस्टमध्ये निम्मं गाव रजेवर असतं. जमलं तर ऑगस्ट टाळा, आणि तोच महिना नशिबी आला तर सकाळी साडेसातला दारात उभे राहा.

खिडकीपलीकडच्या बाईंनी गठ्ठा उलगडला, भाषांतरं वाचली आणि विवाह प्रमाणपत्रावर बोट ठेवलं. इंग्रजी मजकुराचं भाषांतर होतं. पण खालच्या गोल शिक्क्यात देवनागरी अक्षरं होती आणि त्यांचं काय, हे अनुवादकाने लिहिलं नव्हतं. मी इंग्रजीत सांगितलं, विवाह निबंधकाचा शिक्का आहे. त्यांनी मान हलवली. माझं सांगणं हा कागद नव्हे. मग त्यांनी पानं चाळली, प्रतिज्ञापत्रातलं ते वाक्य सावकाश वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे हे नाव तुमच्या नवऱ्याचं?” मी हो म्हटलं. तिथून पुढे त्यांचा आवाज मऊ झाला. शिक्क्याबद्दल अनुवादकाकडून एक ओळ लिहून आणा, एवढ्यावर भागलं. देवनागरी शिक्का असलेला कागद देताना शिक्क्याचा मजकूर इंग्रजीत लिहून अनुवादकाच्या हाती ठेवा.

पत्ता त्याच दिवशी नोंदला गेला. ६ ऑगस्टला बोटांचे ठसे, सही आणि फोटो. कार्डाचे ३१.८५ युरो आणि शुल्काचे ९.२९ युरो. हे पैसे खिडकीवर घेत नाहीत. ‘उप्लात्नित्सा’ नावाची पावती भरून पोस्टात भरायचे. या आकड्यांनी मला कोड्यात टाकलं होतं. असली सुट्टी रक्कम कोण ठरवतं? उत्तर नंतर मिळालं. युरो यायच्या आधी इथे कुना हे चलन होतं आणि बदलाचा दर ठरला १ युरोला ७.५३४५० कुना. ३१.८५ म्हणजे जुने २४० कुना, ९.२९ म्हणजे ७०. चलन गेलं, पण पावत्यांमध्ये त्याची सावली राहिली.

करखात्याकडून ‘ओइब’ घेतला. हा अकरा आकडी ओळख क्रमांक, फुकट मिळतो, आणि बँक, फोन, वीज, वाचनालय, सगळीकडे लागतो. तो पाठ करा. क्रोएशियन आकडे शिकायला मी याच क्रमांकापासून सुरुवात केली: द्वा, त्री, चेतिरी. कानाला परके वाटतच नाहीत.

आरोग्य विम्याचं प्रकरण खर्चिक निघालं. मला वाटलं होतं नवऱ्याच्या विम्यात माझं नाव जोडलं जाईल. तसं झालं नाही. माझा सक्तीचा विमा वेगळा निघाला आणि पहिल्या वेळी मागच्या बारा महिन्यांचा हप्ताही एकदम भरावा लागला. ती रक्कम आमच्या महिन्याच्या घरभाड्याहून मोठी होती. येण्याआधी ही पुंजी बाजूला ठेवा. आम्ही ठेवली नव्हती आणि दोन महिने फार हिशेबाने काढले.

कार्ड यायला साडेतीन आठवडे होते. या दिवसांत मी गाव वाचायला सुरुवात केली, आणि हे शब्दशः खरं आहे. इथे चौकाचौकात, बस थांब्याजवळ, मृत्यूच्या सूचनांचे फलक असतात. फोटो, नाव, साल, आणि कोण कोण शोकात आहे ते. त्यांना ‘ओस्मर्त्नित्से’ म्हणतात. ‘स्मर्त’ म्हणजे मृत्यू. सकाळी लोक पाव घेऊन परतताना तिथे थांबतात, वाचतात, एखादी बाई क्रूसाची खूण करते. दुःखाची बातमी अशी सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवणारं गाव मला पहिल्या आठवड्यातच जवळचं वाटलं. आणि तिथेच मला दिसलं की बाईच्या नावापुढे ‘रोज्’ असं आखूड रूप छापून तिचं माहेरचं आडनाव देतात. म्हणजे प्रश्न फक्त माझा नव्हता. लग्नानंतर बाई कोण, हे सांगायला इथेही एक जास्तीचा शब्द लागतोच.

कोर्झोवर, म्हणजे गावाच्या मधल्या फिरायच्या रस्त्यावर, रोज एक कॉफी आणि ‘नोवी लिस्त’. हे रियेकाचं दैनिक १९०० साली फ्रानो सुपिलो यांनी सुरू केलं. कॉफीघरात अंक ठेवलेला असतो आणि एका कपावर तास काढला तरी कुणी उठवत नाही. मी मथळे वहीत उतरवत असे. क्रोएशियन छपाईत ‘च’ची दोन वेगळी अक्षरं आहेत, एकावर उलटी टोपी, दुसऱ्यावर तिरकी रेघ. एक चुकलं तर आडनाव दुसऱ्याचं होतं. काना-मात्रा पाहण्यात आयुष्य गेलेल्या बाईला याहून चांगली शाळा कुठली? नामांना सात विभक्ती आहेत म्हणून इतर परदेशी कपाळाला हात लावतात. आपल्याला भिण्याचं कारण नाही. ‘मेधाने, मेधाला, मेधाचं’ असं आपण करतोच, ते शब्दाचं शेपूट बदलून करतात: मेधा, मेधे, मेधी, मेधु.

घरात रेडिओ होता, आणि करारात लिहिलं होतं की ‘प्रिस्तोयबा’ भाडेकरू भरेल. ही सरकारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी, ज्याच्याकडे संच आहे त्याने द्यायची, महिना १०.६२ युरो, म्हणजे जुने ८० कुना. माझे आजोबा रेडिओचं लायसन्स पुस्तक घेऊन पोस्टात जात, ते आठवलं. रेडिओ झाग्रेब १५ मे १९२६ ला सुरू झाला, आपल्या मुंबई केंद्राच्या वर्षभर आधी. काही नवे आलेले लोक ही वर्गणी चुकवण्याच्या वाटा शोधतात. मी त्यांना सांगेन, भरा आणि ऐका. रेडिओ रियेकावरचं हवामान आणि समुद्राचा अंदाज ऐकून मी दिशा, आकडे आणि वाऱ्यांची नावं शिकले. ‘बुरा’ डोंगरावरून कोसळणारा कोरडा गार वारा, ‘यूगो’ दक्षिणेचा दमट. बुरा जोरात असला की क्रक बेटाचा पूल वाहनांना बंद होतो. ‘वादळी वाऱ्यामुळे मच्छीमारांना इशारा’ हे वाक्य मी रत्नागिरीत किती वेळा तपासलं असेल.

शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. इथे आजीला ‘नोना’ म्हणतात. त्यांनी माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि हसून एक बरणी आणली. ‘मेद’ म्हणजे मध. मी म्हटलं, आमच्याकडेही मधच म्हणतात. त्यांची नात दुभाषी झाली आणि बोलणं माझ्या कागदांवर आलं. तेव्हा नोनांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. ती इथेच जन्मली, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात. मग काही वर्षं रियेका हे स्वतंत्र राज्य होतं, १९२४ मध्ये ते इटलीत गेलं, दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हिया, आणि शेवटी क्रोएशिया. तिने घर बदललं नाही, देश बदलत राहिले. रेचिना नदी, जी आज आम्ही बाजाराला जाताना चार पावलांत ओलांडतो, ती दोन महायुद्धांच्या मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा होती. फॅसिस्टांच्या काळात त्यांच्या घराण्याचं आडनाव इटालियन वळणाचं करून टाकलं आणि नंतर परत मिळवताना वडिलांनी वर्षभर खेपा घातल्या. “तुझ्या कागदावर एकेक अक्षर पाहून घे,” असं त्यांनी नातीकडून मला दोनदा सांगितलं.

१५ ऑगस्टला पहाटे नोनांच्या कुटुंबाबरोबर त्रसातच्या पायऱ्या चढले. ५६१ पायऱ्या, १५३१ मध्ये पेतार क्रुझिच याने बांधायला घेतलेल्या. वर मेरीमातेच्या चर्चला अंधारातच रांग लागली होती. कुणी अनवाणी, कुणी कडेवर मूल घेऊन.

कार्ड मिळालं तेव्हा खिडकीवरच उभं राहून मी ते प्रूफसारखं वाचलं. आडनाव, नाव, जन्मतारीख, सगळं पासपोर्टप्रमाणे. पुढे मात्र एका ठिकाणी माझ्या नोंदीतून नवऱ्याचं नाव गळलं आणि दुसऱ्या ठिकाणी तेच आडनाव झालं. दोन्ही दुरुस्त व्हायला सप्टेंबर आणि अर्धा ऑक्टोबर गेला. दर वेळी कार्ड, पासपोर्ट आणि प्रतिज्ञापत्राचं भाषांतर, अशी तिन्ही घेऊन जात होते. चूक दिसली की त्याच दिवशी सांगा. एका नोंदीतली चूक पुढच्या चार नोंदींत उतरते.

नोव्हेंबरमध्ये पहिला बुरा आला आणि मी बेंचिच संकुलातल्या नगरवाचनालयात आसरा घेतला. जुन्या कारखान्याच्या इमारतीत वाचनालय केलंय, उंच खिडक्या आहेत. नोनांची सून तिथेच भेटायची. ती १९९६ मध्ये झाग्रेबला शिकत होती. रेडिओ १०१ या स्टेशनचा परवाना जाणार म्हटल्यावर २१ नोव्हेंबरला लाखाच्या वर माणसं येलाचिच चौकात जमली, त्यात ती होती. स्टेशन वाचलं. एका रेडिओसाठी लोक थंडीत उभे राहिले हे ती सांगत होती, तेव्हा तिचा आवाज अजून त्या चौकातलाच होता.

सभासद व्हायला ओइब आणि निवास कार्ड, एवढंच लागलं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, आम्ही तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारू? वर्षभरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी म्हटलं, मेधा.

मी रियेकाच्या छापखान्यांवरचं एक पुस्तक राखून ठेवायला सांगितलं होतं. आठवड्याने गेले तेव्हा ते टेबलावर होतं आणि त्यात चिठ्ठी खोचलेली होती. ‘झा मेधु’, मेधासाठी. ‘ह’ गळला नव्हता, विभक्ती बरोबर होती.